लॅपटॉप आता लगेच सुरू होतो

अहो,

तुम्ही बसवलेली डिस्क नीट बसली आहे. हे आधी सांगते, कारण तुम्ही असता तर आधी तेच विचारलं असतंत. बटण दाबून मी खुर्ची पुढे ओढेपर्यंत पडदा उजळलेला असतो. पूर्वी बटण दाबून मी स्वयंपाकघरात जायची, चहा टाकायची, गाळायची, दोन कप घेऊन यायची, तरी ते वर्तुळ आपलं फिरतच असायचं आणि तुम्ही त्याच्यासमोर डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखे बसलेले असायचात. आता मध्ये चहाला वेळच उरत नाही. एकच कप असतो, तो मी मागाहून करते.

लिहिते आहे तुम्हाला, पण वाचणार आहेत इरा आणि नील. इराला देवनागरी वाचता येतं ते आपल्या रविवारांमुळे. नीलला ती वाचून दाखवील. म्हणून सोप्या शब्दांत लिहिते, आणि तुम्हाला ठाऊक असलेल्या गोष्टीही पुन्हा सांगते. "हे मला म्हाईत हाय" म्हणून मधेच उठून जाऊ नका. जायचे तेवढे गेलात.

आपला महेश तुमचे दिवस करून कॅनडाला परत गेला. पोचल्यावर त्याला घरात जे दिसलं ते त्याने मला फोनवर सांगितलं. आपली इरा, पंधरा वर्षांची, जेवतानाही मांडीवर कॉम्प्युटर घेऊन बसणारी, ती त्याला हात लावत नाही. शाळेचं काम कागदावर लिहून नेते. माझा फोन लागला की अंघोळीला जाते. शेवटी एकदा शाळेतून घरी येताना गाडीत तिने आईला, प्राचीला, सांगितलं, "आबांना घाम आला होता. मला दिसत होता. तरी मी म्हटलं, थांबू नका."

रविवारी तिने तुमच्याकडून डिस्क बसवायचं काम करून घेतलं आणि मंगळवारी तुम्ही गेलात. तिने दोन्ही जोडलं. कुणीही जोडलं असतं, कारण मधलं काही तिला माहीतच नव्हतं. ते तुम्ही कुणाला माहीत होऊ दिलं नाहीत. माझं तोंड बंद करून ठेवलंत आणि निघून गेलात, आणि तुमच्या मरणाचं ओझं त्या मुलीच्या खांद्यावर जाऊन बसलं. मला तुमची आठवण येते, जेवायला बसताना तर फार येते. पण आज ते नाही लिहीत. आज भांडायचं आहे.

मुलांनो, हा लॅपटॉप तुमच्या बाबांचा. तिकडे जाताना तो इथे ठेवून गेला. फोनवर आबांना तुम्ही नखाएवढे दिसायचात, म्हणून त्यांना लॅपटॉपच लागायचा. महेश दर वर्षी म्हणायचा नवा पाठवतो, आणि हे दर वर्षी म्हणायचे, चालतंय ते फेकायचं नाय. वाळूजच्या कारखान्यात यांनी नोकरीभर मेंटेनन्स पाहिलं. बंद पडलेलं मशीन चालू केल्याशिवाय घरी यायचं नाही, हीच सवय अंगात मुरलेली. गारखेड्याच्या आमच्या गल्लीत कुणाचा पंखा, कुणाची पाण्याची मोटर, सगळं आमच्या जेवणाच्या टेबलावर उघडं पडलेलं असायचं. खाली पांढरा पंचा अंथरायचा आणि काढलेले स्क्रू इडलीच्या साच्यात ठेवायचे, ज्या कोपऱ्यातला स्क्रू त्या कोपऱ्यातल्या खळग्यात. त्या साच्यात मी नंतर कधी इडली केली नाही. नवा आणला.

असा हा माणूस. दोन वर्षांपूर्वी जिन्यात मटकन खाली बसला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदयातली एक झडप अरुंद झाली आहे, ती बदलावी लागेल. अहो, तुम्हाला आठवतं, तुम्ही त्यांना काय काय विचारलंत? झडप कशाची असते, किती वर्षं टिकते, बसवताना पंप बंद ठेवतात का. डॉक्टर खूश झाले, कागदावर चित्र काढून दाखवलं. मला वाटलं, झालं, माणूस तयार झाला. आणि परतताना रिक्षात तुम्ही म्हणालात, "एवढं जुनं मशीन उघडायचं नसतं. चालतंय तोवर चालवायचं."

मी म्हटलं, अख्ख्या गल्लीचे मिक्सर उघडता, तेव्हा हे सुचत नाही?

"मिक्सर मेला तर दुसरा आणता येतो," तुम्ही म्हणालात. "म्हणून उघडतो."

पस्तीस वर्षं मुलांना इंग्रजी शिकवलं, वादविवाद स्पर्धेला मुलं तयार केली, आणि तुमच्या त्या एका वाक्यापुढे गारखेड्यापर्यंत गप्प बसले. भीती वाटते असं तुम्ही सरळ म्हणाला असतात तर मी हात तरी धरला असता. तुम्ही ती भीती कारखान्याच्या भाषेत सांगितलीत.

घरी आल्यावर मी चप्पल काढून फोन हातात घेतला. महेशला सांगणार होते. तुम्ही समोर येऊन उभे राहिलात. "तुला महेशची शपथ हाय. पोराला सांगायचं नाय. सुनेला नाय, नातवांना तर नायच नाय."

इरा, नील, शपथ घालणं म्हणजे काय ते तुम्हाला तिकडे कुणी सांगितलं नसेल. आपल्या जिवाच्या माणसाचं नाव घेऊन दुसऱ्याला बांधून टाकायचं. ऐकलं नाहीस तर त्या माणसाचं बरंवाईट होईल. आणि ज्याने घातली त्यानेच "सुटली" म्हणायचं, तेव्हाच ती सुटते. लहान मुलं खेळताना घालतात आणि संध्याकाळपर्यंत सोडवूनही घेतात. मी वर्गात मुलांना सांगत आले की शपथेने कुणाचं काही होत नाही, खरं बोलायला शपथ लागत नाही. पण महेशचं नाव आलं आणि माझा फोन खाली गेला. अहो, तुम्हाला हे ठाऊक होतं. घरात बाकी कशाने माझं तोंड बंद झालं नसतं, म्हणून नेमकं तेच वापरलंत.

किती वेळा म्हटलं, सुटली म्हणा. भाजी निवडताना म्हटलं, दिवाळीला पाटावर बसलात तेव्हा म्हटलं. तुम्ही हसायचात. एकदा तेवढं खरं बोललात. "पोरगं हातातलं काम टाकून येईल. येऊन काय करील? माझ्याकडं बघत बसंल. मला कुणी बघत बसलेलं आवडत नाय."

तुमचे वडील मेंढरं राखायचे. ते म्हणायचे, मेंढी दुखणं दाखवत नाही, कळपात मान खाली घालून चरत राहते. दुखणाऱ्या मेंढीच्या मागे कोण लागतं ते तिला माहीत असतं. ती ओळखायची तर दिवस मावळताना कळप परत वळतो तेव्हा मागे कोण पडतंय ते बघायचं. ही गोष्ट तुम्हीच मला लग्नानंतर सांगितली होतीत, मोठ्या अभिमानाने. मला तेव्हा ती मेंढरांचीच गोष्ट वाटली.

आता त्या हँग होण्याविषयी.

पहिल्यांदा लॅपटॉप खरोखरच अडकला होता. नील काहीतरी दाखवत होता, तुम्हाला धाप लागली होती, आणि नेमका पडदा गोठला. तुम्हाला आयती सुटका मिळाली. दम परत येईपर्यंत बसून राहिलात, मग फोन उचलून म्हणालात, "हँग झालं बघ बाळा. लई जुनं झालंय." त्यानंतर धाप लागली की तुम्ही स्वतःच झाकण खाली करू लागलात. मी शेजारी कपड्यांच्या घड्या करत बसलेली असायची. तुमचा एक हात झाकणावर आणि एक छातीवर, आणि दम यायच्या आतच तिकडून फोन वाजायला लागायचा. दहा मिनिटांचं बोलणं, पाच मिनिटांचं झालं. मुलं बिचारी लॅपटॉपला नावं ठेवायची.

मग इराने मनावर घेतलं. तुम्हाला लॅपटॉप पालथा करायला लावून खालच्या चिठ्ठीवरचं एकेक अक्षर वाचून घेतलं. जुन्या लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क असते, ती काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी डिस्क, बसवली की तो नव्यासारखा पळतो, हे तिने तुम्हाला समजावलं. तुम्हाला ते आधीच माहीत होतं, पण तुम्ही शहाण्या विद्यार्थ्यासारखं ऐकून घेतलंत. दिवाळीच्या आधी तिने तिकडून मागवलेलं पार्सल आपल्या दारात आलं. एसएसडी आणि ती जोडायची वायर. केवढा आनंद झाला होता तुम्हाला. शेजारच्या देशमुखांना बोलावून दाखवलीत. "नातीनं निवडली. आपल्याला विचारलं सुदीक नाय." पत्त्याच्या जोडाएवढी डिस्क, तळहातावर ठेवून वजन करत होतात.

आणि मग टीव्हीखालच्या खणात ठेवून दिलीत.

इरा दर रविवारी विचारायची, बसवली का. तुम्ही म्हणायचात, वेळ नाय मिळाला. निवृत्त माणसाला वेळ मिळत नव्हता. मला कळेना. बिघडलेली वस्तू घरात दुसरा दिवस बघत नाही, आणि ही डिस्क दिवाळी होऊन गेली तरी खणात. मी मागे लागले. तुम्ही म्हणालात, एवढा बारीक स्क्रू ड्रायव्हर कुठंय आपल्याकडं. मी शहागंजला जाऊन घड्याळवाले वापरतात तसला बारीक ड्रायव्हरचा संच आणून तुमच्या पुढ्यात ठेवला. तो उघडून तुम्ही एकेक टोक अंगठ्यावर घासून पाहिलंत, परत डबीत लावलंत, आणि मग खरं सांगितलंत.

"ते बसवलं की पोरं मला सोडायची नायत. आत्ता पाच मिनिटं कसाबसा बसतो. तासभर कसा बसू?"

मी म्हटलं, मग सांगून टाका त्यांना.

"नाय."

त्या दिवशी मी तुमच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. एक आजारी माणूस आपल्या नातवंडांपासून लपून बसायला जुना लॅपटॉप जपून ठेवतो, ह्याहून एकाकी काही मी पाहिलेलं नाही. ते तुम्हाला म्हणायला हवं होतं. अबोला धरला, हे नाही म्हटलं.

तुमचं मन वळलं ते माझ्यामुळे नाही, शपथेमुळे नाही, डॉक्टरांमुळे तर नाहीच. ते नीलमुळे. संक्रांत झाल्यावरच्या एका रविवारी तो आलाच नाही. इरा एकटी होती. तुम्ही विचारलंत, आमचा वाघ कुठंय. ती म्हणाली, खाली खेळतोय. तो म्हणतो, आबांचा लॅपटॉप नीट झाला की मला बोलव, नाहीतर ते सारखे निघून जातात.

आठ वर्षांच्या मुलाचं हे बोलणं. तुम्ही हसलात. दोन-चार गोष्टी बोललात, धाप वगैरे काही लागली नव्हती, तरी लवकर निरोप घेतलात. मग कितीतरी वेळ बंद झाकणावर हात ठेवून बसला होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी खणातून डिस्क बाहेर आली.

त्या आठवड्यात आपण शेवटचं भांडलो, आणि ते अगदी नेहमीचं भांडण होतं. जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर उतरवायचं होतं. मी म्हटलं, आधी निवडा, मग भरा. नीलच्या एकाच वाढदिवसाचे तेच तेच फोटो, रद्द झालेली तिकिटं, कुणाकुणाच्या लग्नपत्रिका, हे सगळं नव्या डिस्कवर कशाला? तुम्ही म्हणालात, "आधी हाय तसं सगळं उतरवायचं. निवडायला काय, जन्म पडलाय." वायर लावून डिस्क टेबलावर ठेवलीत आणि अख्खी दुपार ते उतरत राहिलं. आता ते सगळं माझ्यासमोर आहे, हाय तसं. पूर्वी घरात एक जादा पिशवी मला सहन होत नसे. यातलं एक पानही मी काढलेलं नाही. वाद तुम्ही जिंकलात, एवढंच सांगते.

आणि मग तो रविवार. इरा, हा भाग नीट वाच. तुला एकच बाजू दिसत होती, कारण फोन मी डाळीच्या डब्याला टेकवून टेबलाकडे तोंड करून ठेवला होता. तुला पंचा दिसत होता, आबांचे हात दिसत होते, इडलीचा साचा दिसत होता आणि त्यावरून तू किती हसलीस. दुसरी बाजू मी पाहत होते.

तू म्हणालीस, आबा, आधी बॅटरीची वायर सोडवा. ते म्हणाले, "म्हंजे मेन बंद. तुझ्या आजीचंबी हेच असतं." मग खालचं झाकण निघेना. आबा जुनं एटीएम कार्ड फटीत घालून उचकटायला बघत होते. तू म्हणालीस, जोर लावू नका, एक स्क्रू राहिलाय, मागच्या रबराखाली बघा. त्यांनी नखाने रबर उचललं, आणि खाली खरंच स्क्रू होता. "आरं, व्हय की," ते म्हणाले. "ही पोरगी वाळूजला पायजे होती. आमच्या साहेबांना घरी बसवलं असतं हिनं." त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठं कौतुक मी कुणाचंही ऐकलं नाही. तुझ्या बाबांचंही नाही.

झाकण निघालं आणि ते तुला म्हणाले, चष्मा पुसून येतो. चष्मा त्यांनी पुसला नाही. आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसले होते. सदऱ्याची पाठ ओली झालेली, तीही थंडीच्या दिवसांत. मी म्हटलं, पुरे झालं, तिला सांगते की राहिलेलं पुढच्या रविवारी करू. तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"नाय," ते म्हणाले. "आजच. तिच्या देखत होऊ दे."

मी डॉक्टरांना बोलवू का विचारलं. मान हलवली. पाणी प्यायले. स्वतःच्या पायांनी उठले, तोंड पुसलं, आणि हसत तुझ्यासमोर येऊन बसले. जुनी डिस्क काढली, नवी बसवली. आणि तेव्हा, इरा, तू विचारलंस की थंडीत घाम का येतोय. ते म्हणाले, ह्या मशीननं काढला. मग तू म्हणालीस, "थांबू नका आबा, चारच स्क्रू राहिलेत, मला भूक लागलीय."

तुझ्या म्हणण्याने ते थांबले नाहीत, असं तू धरून बसली आहेस. न थांबायचं त्यांनी त्याच्या कितीतरी आधी ठरवलं होतं. आधी रिक्षात, मग पलंगाच्या कडेला बसून. मी त्यांची बायको. त्यांचं मनगटावरचं बोट न बोट मला लागत होतं. मी थांबवू शकले नाही. तू तर पडद्यातून बोलत होतीस.

अहो, लॅपटॉप सुरू झाला तेव्हाचा तुमचा चेहरा मी विसरणार नाही. बटण दाबून तुम्ही सवयीने मागे रेलून बसलात आणि पाठ टेकते न टेकते तोच तो उघडला. "आगं, आलं की," एवढंच म्हणालात. मग मोठ्या पडद्यावर मुलं आली. नीलही आला, पडलेला दात तळहातावर घेऊन. त्या दिवशी तुम्ही तासभर बोललात. धाप लागली तेव्हा बोलणं थांबवलंत, पण झाकणाला हात लावला नाही. तसेच बसून राहिलात, श्वास घेत, नीलकडे बघत. त्याला काही वाटलं नाही, तो आपला दाताचं सांगत होता. दोन वर्षांत पहिल्यांदा तुम्ही मुलांसमोर दमलात. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

मुलं गेल्यावर म्हणालात, "लई दिवसांनी पोटभर बोललो." मग थोड्या वेळाने, "फुडच्या रविवारी बघू."

काय बघू, हे मी विचारलं नाही. मुलांना सांगणार होतात का? झडपेविषयी पुन्हा विचार केला होतात का? की नुसतंच, पुढच्या रविवारी बोलू? मी गॅसवर कुकर ठेवला होता. शिट्टी झाली, मी आत गेले. एवढ्याशा कारणाने काही गोष्टी कायमच्या विचारायच्या राहतात. याबद्दल तुमच्याशी भांडताही येत नाही.

मंगळवारी सकाळी तुम्ही गॅलरीत पेपर घेऊन बसलात. मी दूध तापवून आले तर पेपर पायाशी होता आणि चष्मा डोळ्यांवर तसाच. डॉक्टर आले, ते तेच होते, चित्र काढून दाखवणारे. म्हणाले, हे असंच होणार होतं, झोपून राहिले असते तरी. कालही झालं असतं, महिन्यापूर्वीही. मी त्यांना पुन्हा विचारलं, रविवारी तीन तास टेबलाशी बसले होते, त्याने? ते म्हणाले, नाही. झडप दोन वर्षांपूर्वी बदलायला हवी होती, दुसरं कारण नाही. हे शब्द मी मुद्दाम जसेच्या तसे लिहिते आहे.

मग माणसं आली. सगळे म्हणाले, किती सुखाचं मरण, कुणाला त्रास नाही, पुण्यवान माणूस. महेशने विमानतळावरून आल्या आल्या विचारलं, "अचानकच, आई? काहीच नव्हतं?" मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्या हाताखाली तोच होता ना, ज्याची शपथ होती. तेराव्याला तुमच्या नावाचं पान वाढलं, तेव्हा मनातल्या मनात शेवटचं म्हटलं, आता तरी सुटली म्हणा. लोक जेवून गेले.

पण इराचं कळलं त्या दिवशी माझ्यापुढे एका बाजूला तुमची शपथ होती आणि दुसऱ्या बाजूला ती मुलगी. मी महेशला म्हटलं, रविवारी इराला समोर बसव, अंघोळीला जाऊ देऊ नकोस, आणि तूही बस. लॅपटॉप उघडला आणि ती दोघं लगेच समोर. पूर्वी ते वर्तुळ फिरेपर्यंत मला पदर सारखा करायला, शब्द जुळवायला वेळ मिळायचा. तो मिळाला नाही. आणि तुम्हाला सांगते, तोंड उघडायच्या आधी मला तिकडचा रस्त्यावरचा बर्फ दिसला. महेश रोज त्यातून गाडी नेतो. एम.ए. झालेली बाई मी. पहिलं वाक्य काय म्हणाले असेन? "उद्या गाडी काढू नकोस."

तो म्हणाला, का. म्हटलं, ऐक माझं. आणि मग सगळं सांगितलं. जिना, झडप, रिक्षा, शपथ, झाकण, खण, पलंगाची कडा. क्रमाने सांगितलं, मधे रडले नाही. महेशने चष्मा काढला, उठला आणि पडद्याबाहेर गेला. दार लागल्याचा आवाज आला. त्याचं माझ्याशी काय व्हायचं ते होईल, तो अजून नीट बोलत नाही. शपथ मी मोडली, तुम्ही सोडवली नाहीत. त्याचं भलंबुरं माझ्यावर घेतलं आहे. तो सोमवारी गाडी घेऊन गेला आणि घरी आला, हे मी प्राचीला फोन करून विचारून घेतलं.

इरा बसून राहिली. तिने विचारलं, "स्क्रू लावत होते तेव्हा त्यांना माहीत होतं?"

म्हटलं, हो.

"आणि हँग व्हायचं ते?"

"कधी कधी खरंच व्हायचं. बहुतेक वेळा नाही."

"म्हणजे ते माझ्याशी खोटं बोलले." ती हळू बोलत होती, गणित सोडवल्यासारखी. "मी ती डिस्क शोधत होते तेव्हाही. मी रोज शोधायचे, आजी. मला वाटायचं, तेवढंच बिघडलंय."

माझ्याजवळ वाक्यं तयार होती. गेलेल्या माणसाविषयी असं बोलू नये. त्यांचा तुझ्यावर किती जीव होता. तुला काळजी नको म्हणून केलं. सगळी खरी होती. तेवढ्यात ती म्हणाली, "मला त्यांचा राग येतोय. खूप येतोय," आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा, प्राची सांगते, ती रडली. मी ती वाक्यं गिळली. म्हटलं, येऊ दे.

तुमच्या बाजूने मी बोलले नाही. बोलणारही नाही. तो राग इतके दिवस ती स्वतःवर काढत होती. तो तुमचा होता, तुमच्याकडे पाठवला आहे. तुमच्यासारख्या माणसाला तो जड नाही. तिला झाला असता.

काल ती पुन्हा पडद्यावर आली. स्वतःहून. शाळेचं बोलली, नीलला ओरडली. तुमचं नाव काढलं नाही. जाता जाता म्हणाली, आजी, तुझ्या मागे भिंतीवर आबांचा फोटो दिसतो, तो मला आत्ता बघायचा नाही. मी उठले आणि टेबल खिडकीकडे फिरवलं. आता माझ्या मागे खिडकीचा पडदा दिसतो. तुम्ही आहात तिथेच आहात, आमचं बोलणं ऐकू येईल इतक्या जवळ. ती विचारील तेव्हा टेबल परत फिरवीन. तोवर तुम्ही ऐका, मधे बोलू नका.